तटाआतलं माहेर

आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीची चौकशी करायला पाहुणे आले की सिंधूअक्का आपल्या घराचं दार आतून लावून घ्यायच्या. भर दुपारी, जळगावच्या उन्हात, जेव्हा वाऱ्याच्या एका झुळकेसाठी सगळी गल्ली दारं सताड उघडी टाकून बसलेली असायची, तेव्हा त्यांचं एकच दार बंद. त्या काळी मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडची माणसं शेजारीपाजारी सहज आल्यासारखी येत, चहा घेत, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारत, "त्या समोरच्यांची पोरगी कशी आहे हो?" अक्कांकडे त्यांची डाळ कधी शिजली नाही. कुणी फारच कडी वाजवली तर आतून आवाज यायचा, "पोरीबद्दल मले काही इचारू नका. मी आंधळी, मी बहिरी."

एरवी त्यांच्यासारखी दिसणारी-ऐकणारी बाई गल्लीत दुसरी नव्हती. उंच, हाडापेराने मोठ्या, सावळ्या. आवाज असा की गल्लीच्या टोकाला दूधवाला थांबावा. मी धुळ्याहून लग्न होऊन आले, प्राथमिक शाळेत नोकरीला लागले, तेव्हा माझ्या संसाराची घडी अर्धी त्यांनीच बसवली. माझ्या सासूबाई नव्हत्या. भरताची वांगी कशी पारखायची, दादर ज्वारीच्या भाकरीला पाणी किती, सगळं त्यांच्याकडून शिकले. गल्लीतल्या लग्नात खापरावरचे मांडे करायचे ते अक्कांनीच. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती पुरणाची पोळी त्या कोपरापर्यंत मोठी करत आणि उपड्या खापरावर अशी टाकत, की बघणारीचा श्वास अडकावा. पण कुणी "वा अक्का!" म्हटलं की चेहरा उतरायचा. "मह्यं कौतुक नका करू माय. मले ते पचत नाही," असं म्हणून त्या चुलीकडे तोंड फिरवायच्या. आम्हाला तो विनय वाटायचा.

त्या बंद दाराची झळ मला एकदा बसली. माझी नणंद विजया लग्नाची होती आणि पहूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. ती माणसं गल्लीत चौकशीला आली, आणि समोरचंच घर म्हणून नेमकी अक्कांच्या ओट्यावर बसली. अक्का उठल्या, आत गेल्या, आणि कडी लावली. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. समोरची बाई ज्या पोरीबद्दल बोलायलाही तयार नाही, त्या पोरीत काहीतरी असणारच. चार दिवसांत नकार आला.

मी रागाने तडक त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "अक्का, तुम्ही चांगलं बोलला नसता तरी चाललं असतं. नुसतं बसून राहिला असता तरी चाललं असतं." त्या निवडण्याचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मह्या तोंडावर महा भरवसा नाही, बाई." मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. पुढे वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. विजयाला नंतर नरडाण्याला दिलं, तिचं चांगलं चाललं; पण माझ्या मनातली अढी काही गेली नाही.

मग त्यांच्या सुनीताची वेळ आली. एकुलती एक लेक. यावलची माणसं चौकशीला आली, ती माझ्याच घरी. मी शिक्षिका, म्हणून माझ्या शब्दाला वजन असावं असं त्यांना वाटलं. खोटं कशाला सांगू, विजयाची आठवण त्या क्षणी माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. पण सुनीता माझ्या डोळ्यांपुढे वाढलेली गुणी पोर. मी जे होतं ते सांगितलं. लग्न ठरलं.

संध्याकाळी अक्का माझ्याकडे आल्या. आभार मानायला आल्या असतील असं वाटून मी पाट दिला. त्या बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. लेक जाणार म्हणून रडतात असं समजून मी त्यांची समजूत घालत राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "तुले कसं जमलं वो, बाई? चांगलं बोलाले कसं जमलं?"

सुनीताचं लग्न झालं त्याच हिवाळ्यात आम्ही गल्लीतल्या बायकांनी बऱ्हाणपूरला जायचं ठरवलं. अजिंठा झालं होतं, पद्मालय झालं होतं, शेगाव तर दरवर्षीचं. बऱ्हाणपूर गाडीने काही तासांवर, आणि आमच्यातलं कुणीच ते धड पाहिलेलं नव्हतं. तापीकाठचं जुनं शहर, भोवती तट, तटाला दरवाजे, आत बादशाही वाडा आणि रंगीत छताचा हमामखाना. मी शाळेत शिकवायचे त्यातलं थोडंबहुत रंगवून सांगितलं. सगळ्या तयार झाल्या. अक्का, ज्या प्रत्येक सहलीत पुढे असायच्या, त्याच तेवढ्या नाही म्हणाल्या. "दगडं पाह्याले एवढ्या लांब कोण जाईन?" मी खूप आग्रह केला. आता अढी गेली होती, आणि त्या सोबत असाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. सुनीता गेल्यावर घर खायला उठत असेल, जरा मोकळ्या होतील, असा माझा हिशेब. त्यांनी मान हलवली आणि विषय तोडला.

निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचलो, तर बाकावर अक्का आधीच येऊन बसलेल्या. इरकली साडी, मांडीवर पिशवी. गाडीत भुसावळ गेलं, रावेर गेलं, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या, बायकांनी डबे उघडले. अक्कांनी एक घासही घेतला नाही.

स्टेशन गावाबाहेर. टांगे करून आम्ही शनवारा दरवाज्यापर्यंत आलो. दरवाजा दिसला आणि आमच्या गप्पा थांबल्या. केवढी ती उंच कमान, दोन्ही बाजूंना तट, कुठे शाबूत, कुठे ढासळलेला, ढासळलेल्या जागी शेळ्या चढलेल्या. कमानीखालून सायकली, हातगाड्या, सुताच्या गासड्यांनी भरलेल्या बैलगाड्या सगळं एकदम आत शिरत होतं. आत गल्ल्या अशा अरुंद की दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून बायका एकमेकींच्या हातात वाटी देतील. घराघरातून यंत्रमागांची खडखड. आम्ही कुणाला तरी वाड्याचा रस्ता विचारत होतो, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "इकडून नका जाऊ, पुढं चिखल असते. डावीकडून चला." आणि त्या चालायला लागल्या. आम्ही त्यांच्या मागे. एक वळण, दुसरं, तिसरं. एका ठिकाणी सरळ रस्ता सोडून त्यांनी उगाच मोठा वळसा घेतला. कुणीतरी विचारलं, "अक्का, तुम्ही आधी येऊन गेलात का?" त्या पुढच्या वळणाला वळल्या.

वाड्यात बायका हमामखान्याचं छत बघण्यात गुंगल्या. छतावरची फुलं, वेली, अजून रंग धरून असलेल्या. अक्कांनी माझा हात धरला. "बाई, तू चाल मह्यासंग."

तापीच्या घाटावर, सगळ्यात वरच्या पायरीवर आम्ही बसलो. खाली नदी, पाठीशी तट. त्यांनी मान वळवून तटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मह्यं माहेर."

इतक्या वर्षांत त्यांनी माहेरचं नाव काढलं नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की त्यांना कुणी नसेल.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील हातमाग चालवायचे. आई लवकर गेली. धाकटी मंगल तेव्हा लहान, अक्का चौदा-पंधराच्या. मंगलची वेणी-फणी, तिची आजारपणं, घरचा स्वयंपाक, सगळं अक्कांवर आलं. घर सोडून ही गेली तर पोरीकडे कोण बघणार, म्हणून वडिलांनी त्यांच्या लग्नाचं मनावर घेतलं नाही. अशी वर्षं गेली. मंगल मोठी झाली, गोरीगोमटी निघाली. आणि जळगावहून एक स्थळ आलं. ते मंगलसाठी आलं.

"नानांचं?" मी विचारलं. नाना म्हणजे अक्कांचे यजमान.

"हा. नानांचं." त्या नदीकडे बघत होत्या. "त्यायची आत्या आली व्हती चौकशीले. भली बाई. मले मागच्या दारी नेलं, अन् इचारलं, तुह्या बहिणीले काही दुखणंबिखणं नाही ना? मी म्हनलं, तशी बरी आहे, कधीमधी फेफरं येते." त्या थांबल्या. "मी असं खोटं बोलीन हे मले पण ठाऊक नव्हतं. तोंडातून निघून गेलं. निघून गेलं तं मी वापस नाही घेतलं. आत्यांनी मही पाठ थोपटली, खरी बोलणारी पोरगी आहे म्हणे. आठ दिवसांनी त्यायनं मलेच मागणी घातली."

"आणि मंगल?"

"तटाच्या आत एक शब्द पडला तं तो बाहेर जात नाही, बाई. भिंतीले आपटून आपटून तिथंच फिरते. तिले कोणीच करून घेतलं नाही. बाबा गेले तव्हा मी आली, तिरडी उठली अन् निघाली. तिच्या डोळ्याले डोळा नाही दिला."

गल्लीतल्या बंद दाराचा अर्थ मला तिथे कळला, आणि त्या दाराबाहेर उभी राहून मी जे बोलले होते ते आठवून मला पायरीवर बसवेना. मी म्हटलं, "अक्का, चला. आत्ताच जाऊ." आजही मला कळत नाही की तसं म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला होता.

ज्या गल्लीला त्यांनी सकाळी वळसा घातला होता त्याच गल्लीत त्यांचं घर होतं. वडिलांचा माग कधीच गेला होता. त्या जागी पिठाची गिरणी. चार-पाच गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी. पट्टा फिरत होता, खालीवर सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात डोक्याला फडकं बांधलेली एक ठसठशीत बाई पायलीने धान्य ओतत होती. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. तिने अक्कांना पाहिलं, ओळखलं. चेहरा हलला नाही. हातानेच 'ये' केलं आणि पुढचा डबा ओढला.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. अक्का तिच्याजवळ गेल्या, कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना. मंगलबाई ओरडल्या, "काय? मोठ्यानं बोल!" अक्कांनी परत सांगितलं. "ऐकू नाही येत!" अक्कांनी जीव एकवटला, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. पट्टा थांबला. त्या शांततेत सिंधूअक्कांचा तो गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज घुमला:

"तुले फेफरं येते असं मीच सांगतलं व्हतं!"

डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका जिथल्या तिथे राहिल्या. शेजारच्या सज्ज्यातून कुणीतरी डोकावलं. अक्कांनी तोंडावर हात ठेवला.

मंगलबाईंनी पायली खाली ठेवली. शांतपणे म्हणाल्या, "परत बोल."

"मंगल, आत चाल, मी..."

"आत नाही. इथंच. परत बोल."

आणि अक्का परत बोलल्या. आत्या, मागचं दार, सगळं. गिऱ्हाइकांसमोर, एक शब्द न चुकवता. मी खाली बघत होते. माझ्या समोर एक माणूस सोललं जात होतं आणि त्याला तिथवर मी आणलं होतं.

सगळं ऐकून मंगलबाईंनी पापण्यांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाल्या, "आम्ही काशीमावशीचं नाव घेतलं."

अक्कांना कळेना. "कोण, शेजारची?"

"तिच्या भाच्यासाठी तिले मी पाहिजे व्हती. म्हणून तिनंच बोंब उठवली, असं बाबा म्हणत. मी पण म्हणे. भाचा तं तरी तयार व्हता. बाबांनी त्याले जोडा दाखवला. मावशी उंबऱ्यावर येऊन आपल्या लेकराची शपथ खाये. मी तिच्या तोंडावर दार लावलं." त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मरायले टेकली तव्हा निरोप आला, मंगलले एकदा बोलवा. मी नाही गेली, सिंधू. आई मेल्यावर ज्या बाईनं आपल्याले घास भरवले तिले मी पाणी नाही दिलं."

अक्का मटकन खाली बसल्या, पिठात. हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपला गुन्हा एका मंगलपुरताच, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या; त्याच्या मागे आणखी एक मोडलेलं घर उभं होतं.

वीज आली. पट्टा फिरू लागला. मंगलबाईंनी पायली उचलली आणि दाराकडे बोट केलं. "जाय. तुही गाडी चुकीन."

परतीच्या गाडीत बायका छताच्या रंगांबद्दल बोलत होत्या, दराब्याच्या मिठाईचे पुडे एकमेकींना दाखवत होत्या. अक्का खिडकीला डोकं लावून बसल्या होत्या, साडीवर पिठाचे डाग तसेच.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नानांना सांगितलं. नाना कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, मितभाषी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आता मला कशाला सांगितलंस? तुझं ओझं उतरायला?" पंधरा दिवस ते घरात मुक्यासारखे वावरले. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "तुझ्याशी लग्न केल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, सिंधू. आता त्याचंच वाईट वाटतं." हे मला अक्कांनीच सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. "खरं आहे वो त्यायचं," त्या म्हणाल्या. "मले वाटे, सांगतलं की सुटीन. सांगून माणूस सुटत नाही, बाई. फक्त लपायची जागा जाते."

त्यानंतर दर महिन्याला सिंधूअक्का बऱ्हाणपूरला जाऊ लागल्या. सोबत दादरची एक पिशवी, दळायला. जळगावात गिरण्या काय कमी होत्या? पण त्या ते धान्य गाडीने नेत, इतर गिऱ्हाइकांमागे रांगेत पिशवी ठेवत, नंबर आला की मंगलबाई दळून देत, आणि त्या पीठ घेऊन परत येत. बोलणं नाही. घरात बोलावणं नाही. ऊन असो की पाऊस, अक्कांची खेप चुकली नाही. गल्लीत लोक हसत. मी एकदा म्हटलं, "अक्का, तिला त्रास होत असेल हो तुमच्या येण्याचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हत अशीन. पण मी नाही गेली तं तिले वाटीन, बोलून मोकळी झाली अन् इसरली."

कितव्या खेपेला कोण जाणे, एके संध्याकाळी त्या गल्लीत शिरल्या त्याच हाका मारत. मी धावत बाहेर आले. "बाई, तिनं आज इचारलं!" "काय?" "बारीक दळू का जाडं!" आणि मांडे खापरावर टाकताना सगळ्या गल्लीने ज्यांचं कौतुक केलं तरी ज्या कधी खुलल्या नाहीत, त्या अक्का त्या चार शब्दांनी पोरीसारख्या लाल झाल्या होत्या.

गल्लीत आता पाहुणे आले तर त्या दार लावत नसत. ओट्यावर बसून राहत आणि कुणी विचारलं की सांगत, "पोरगी समोर राह्यते. तिलेच जाऊन इचारा. शेजारणीच्या तोंडावर कोणाचं घर बांधू नका, अन् मोडू पण नका." कुणाला ते फटकळ वाटे. मला ते ऐकताना दर वेळी मान खाली घालावीशी वाटे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. आठवडा गेला आणि नाना स्वतः चौकातल्या टेलिफोन बूथवर गेले. बऱ्हाणपूरच्या त्या गल्लीत एका दुकानात फोन होता, तिथे त्यांनी निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी मंगलबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या. बहिणीच्या घराचा उंबरा त्या पहिल्यांदाच ओलांडत होत्या. नानांनी उठून जागा दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच नजर काढून घेतली.

त्या खाटेजवळ बसल्या. मी उशाशी होते. अक्कांचे डोळे त्यांच्यावरून हलेनात. मंगलबाई म्हणाल्या, "काशीमावशीच्या लेकीकडे गेली व्हती मी. मागच्या महिन्यात. सांगतलं तिले, की आईचा दोष नव्हता, अन् मी पाणी नाही दिलं." अक्कांच्या गळ्यातून आवाज आला. "ती म्हनली, आता काय करू मी हे ऐकून? अन् दार लावलं." त्यांनी अक्कांचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "तुह्यावाला राग मह्यात आहे, सिंधू. जाईन असं वाटत नाही. पण दारात उभं राह्यलं की कसं वाटते ते मले समजलं."

अक्का त्यानंतर तीन दिवस होत्या. मंगलबाई खाटेजवळून हलल्या नाहीत. अक्कांना पाजणं, पुसणं, कूस बदलणं, सुनीता आली तरी तिच्या हाती त्यांनी दिलं नाही.

अंत्ययात्रा गेली. घरात बायका जमल्या होत्या. यावलकडची, सुनीताच्या सासरची एक वयस्क बाई मंगलबाईंजवळ सरकली. "तुम्ही कोण यांच्या?"

"धाकटी बहीण."

"सख्खी? कधी पाह्यलं नाही तुम्हाले."

"सख्खी," मंगलबाई म्हणाल्या. "आई लहानपणीच गेली. हिनंच मले वाढवलं."

पुढचं वाक्य येईल म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. ते आलं नाही. त्या उठल्या आणि माठ कुठे आहे असं मला विचारून बायकांसाठी पाणी आणायला आत गेल्या.